भांडण कुणाचं, बंदूक कुणाची: महासत्तांची चुरस आणि युद्धं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्करमध्ये, दौलतगंजात, आमच्या ओसरीवर दर दुसऱ्या शनिवारी पंधरा-वीस मराठी मंडळी जमतात. (पुण्याच्या पाहुण्यांना "मी लष्करात राहतो" म्हटलं की ते आधी माझ्या पोटाकडे बघतात. लष्कर हा आमच्या गावाचा एक भाग आहे.) मी कॉलेजात इतिहास शिकवत असे, त्यामुळे बोलायचं काम बहुतेक माझ्याकडे येतं. रशियाची फौज २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये घुसली, तेव्हापासून गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी तासाभरात एकाच जागी येऊन ठेपतात. चढाओढ मोठ्यांची आणि मरतात तिसरेच, हे कसं? प्रश्न तेच, उशिरा येणारे नवे. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

महासत्ता म्हणायचं तरी कुणाला?

"याला राग येईल का?" हा विचार ज्याच्या बाबतीत दुसऱ्या खंडातल्या राज्यकर्त्यालाही करावा लागतो, तो देश महासत्ता. याहून काटेकोर व्याख्या आहेत, पण ओसरीवर एवढी पुरते. १७८० च्या सुमारास असे देश इंग्लंड आणि फ्रान्स होते. १९५० ला अमेरिका आणि सोव्हिएत संघ. आज अमेरिका आणि चीन. रशियाचा खिसा त्या दोघांएवढा नाही, पण अण्वस्त्रांच्या जोरावर तो पहिल्या पंगतीतलं पान सोडत नाही.

मग युद्धं हेच लोक लावतात, असंच ना?

विचारणाऱ्याला "हो" ऐकायचं असतं. मी "बहुधा नाही" म्हणतो आणि चहा गार होतो.

भांडण बहुतेक वेळा तिथलंच असतं. जमिनीचं, गादीचं, भाषेचं, खाणीचं. महासत्ता ते उकरून काढतेच असं नाही. ती त्याला दारूगोळा पुरवते, पैसा पुरवते आणि वेळ पुरवते. यातला वेळ सगळ्यांत महत्त्वाचा. एक बाजू सहा महिन्यांत दमून खाली बसली असती, ती दहा वर्षं लढते, कारण दमली की कुणीतरी येऊन पाणी पाजतं. मग समोरच्यालाही दुसरं कुणी पाजतं.

कोरियाचं बघा. उत्तरेच्या किम इल-सुंगला अख्खा कोरिया हवा होता आणि दक्षिणेच्या सिंगमन ऱ्हीलाही. ही हौस दोघांची घरची. पण २५ जून १९५० ला उत्तरेची फौज निघाली ती स्टालिनचा होकार आल्यावरच. मग अमेरिका उतरली, पाठोपाठ चीन उतरला, आणि वर्षभरात सगळे जवळपास जिथून निघाले होते तिथेच येऊन रुतले. जुलै १९५१ मध्ये तहाची बोलणी सुरू झाली. ती दोन वर्षं चालली आणि दोन वर्षं माणसं मरत राहिली. मुख्य घोडं अडलं होतं कैद्यांच्या परतीवर. परत जायचं नसेल त्या कैद्याला जबरदस्तीने पाठवायचं का? स्टालिनला घाई नव्हती. अमेरिका कोरियात अडकून पडलेली त्याला बरीच होती. ५ मार्च १९५३ ला तो वारला आणि २७ जुलैला शस्त्रसंधी झाली. मागे राहिलेला कैद्यांचा गुंता सोडवायला तटस्थ देशांचा आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष होते आपले जनरल थिमय्या.

युद्ध लावलं कुणी, यावर आमच्याकडे आवाज चढतात. लांबवलं कुणी, हे विचारलं की जरा शांतता होते. मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो.

पेपरात "प्रॉक्सी वॉर" येतं ते हेच का?

हेच. आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. फरक इतकाच की इथे दोन उंट आहेत आणि स्वार मधेच उंट बदलतात.

चेष्टा नाही, असं खरंच झालंय. ओगाडेन हा इथिओपियाचा वाळवंटी प्रदेश, वस्ती सोमाली. सोमालियाला तो हवा होता. सोमालियाच्या हातात शस्त्रं सोव्हिएत संघाची, तर इथिओपिया हा अमेरिकेचा जुना मित्र. १९७४ मध्ये इथिओपियात सम्राट हैले सेलासीला लष्कराने खाली खेचलं आणि नवे राज्यकर्ते डावीकडे झुकले. १९७७ मध्ये सोमालियाने संधी साधून हल्ला केला. मॉस्कोने हिशेब मांडला: इथिओपिया मोठा, माणसं जास्त. आणि बाजू बदलली. विमानं भरभरून शस्त्रं आता इथिओपियाला जाऊ लागली, पाठोपाठ क्यूबाचे सैनिक उतरले. चिडलेल्या सोमालियाने नोव्हेंबर १९७७ मध्ये सोव्हिएत सल्लागारांना हाकलून दिलं आणि पुढे तो अमेरिकेच्या वळचणीला गेला. म्हणजे सोव्हिएत रणगाड्यांत बसलेले सोमाली सोव्हिएत रणगाड्यांशीच लढले. मार्च १९७८ पर्यंत त्यांची नियमित फौज माघारी फिरली होती. ओगाडेनचे उंटवाले तेव्हाही तिथेच होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

हे सगळं दूरदेशीचं झालं. आपल्या ग्वाल्हेरला याची झळ कधी लागली का?

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो. तीनदा लागली, आणि तिन्ही वेळा निराळ्या तऱ्हेने.

पहिली वेळ १७८२. राघोबादादांना पेशवाई हवी होती. भांडण शंभर टक्के आपल्या घरचं. त्यात इंग्रज शिरले. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन नाना फडणिसांच्या गाठीभेटी घेऊ लागला, तशी इंग्रजांची झोप उडाली. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमच्या माणसांनी रात्री शिड्या लावून आमचा हा किल्लासुद्धा घेतला. पण तोवर जगभर इंग्रजांची ओढाताण सुरू झाली होती. अमेरिकेत फ्रेंच आरमाराच्या मदतीने वॉशिंग्टनने त्यांना ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आणलं, दक्षिणेत हैदर अली उठला, फ्रेंच जहाजं हिंदुस्थानकडे निघाली. मराठ्यांशीही लढत राहणं परवडेना. ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई नावाचं गाव आहे, तिथे १७ मे १७८२ ला तह झाला, मध्यस्थ महादजी शिंदे. एक कलम मुद्दाम वाचण्यासारखं आहे: पेशव्यांनी पोर्तुगीज सोडून इतर युरोपियनांना आपल्या मुलखात वखारी घालू देऊ नयेत. नाव न घेता रोख फ्रेंचांवर. म्हणजे या खेपेला मोठ्यांच्या चुरशीने आपलं युद्ध *थांबवलं*. असंही होतं, हे विसरू नका. मी सालबाईला दोनदा जाऊन आलोय. शेतं आहेत, गाव आहे, आणि तहाबद्दल विचारलं की लोक आपल्याकडेच कुतूहलाने बघतात.

दुसरी वेळ कंपूची. बाकीच्या महाराष्ट्रात कंपू म्हणजे टोळकं, साहित्यिकांचं नाहीतर राजकारण्यांचं. ग्वाल्हेरमध्ये कंपू म्हटलं की रिक्षावाला भाडं सांगतो, कारण तो शहराचा एक भाग आहे. शब्द कॅम्पवरून आला. कवायती पलटणींच्या ब्रिगेडला मराठी कागदपत्रांत कंपू म्हणतात. सालबाईनंतर दोनच वर्षांनी, १७८४ मध्ये, महादजींनी बन्वा द बोइन्य या सॅव्हॉयच्या माणसाला चाकरीला ठेवलं. आपल्या बखरींतला तो डिबॉइन. दोन पलटणींपासून सुरुवात झाली. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथल्या लढायांत या कवायती फौजेने राजपूत घोडदळाचं काय केलं ते राजस्थानात अजून सांगतात. पगार वेळेवर मिळावा म्हणून बोइन्यने गंगा-यमुनेमधल्या दुआबातला मुलूखच लावून घेतला होता. फौजेत पगार थकला की कवायत आपोआप सुटते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे तो गडगंज होऊन मायदेशी परतला. त्याच्या शांबेरी गावात त्याच्या स्मरणार्थ हत्तींचं कारंजं आहे, चार बाजूंना चार हत्ती. उत्तर हिंदुस्थानातल्या लढायांची कमाई अशी आल्प्सच्या पायथ्याशी पाणी उडवत उभी आहे.

त्याच्या जागी पेरॉं हा फ्रेंच सेनापती आला. आता तिकडे युरोपात काय चाललं होतं बघा. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्ली बसला होता, त्याला जिथे-तिथे फ्रेंच दिसायचे. काही ठिकाणी ते खरोखर होतेही. १७९९ मध्ये टिपू गेला. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, त्यात इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना चाकरीत न ठेवण्याची अट होती. आणि दिल्ली-अलीगढच्या पट्ट्यात एक फ्रेंच सेनापती शिंद्यांची हजारोंची फौज घेऊन बसलेला! वेलस्लीच्या दृष्टीने ती शिंद्यांची फौज नव्हतीच, फ्रान्सची चौकी होती. खरं म्हणजे पेरॉंला फ्रान्सपेक्षा आपल्या ठेवीची काळजी जास्त होती. पण समोरचा तुम्हाला कुणाचं प्यादं समजतो, यावर तुमच्यावरचा हल्ला ठरतो. तुम्ही खरोखर प्यादं आहात का, हे नंतर इतिहासकार बघतात.

ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झालं. इंग्रजांनी जाहीरनामा काढला की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांची सोय केली जाईल. बरेच निघून गेले. ४ सप्टेंबरला अलीगढ पडलं, पेरॉं स्वतः इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ११ सप्टेंबरला दिल्ली, २३ ला दख्खनमध्ये असई, १ नोव्हेंबरला लासवाडी. लासवाडीला शिंद्यांच्या पलटणी गोऱ्या अधिकाऱ्यांवाचून उभ्या राहिल्या आणि अशा लढल्या की जिंकलेल्या जनरल लेकनेच पत्रात त्यांची वाखाणणी केली. वाखाणणीने मुलूख परत येत नाही. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला, दुआब गेला. १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला, तो पुन्हा उठला नाही. तोच आमचा लष्कर.

तिसरी वेळ १८४३, आणि ही सगळ्यांत विचित्र, कारण भांडण रशियाशी होतं. रशिया मध्य आशियातून हिंदुस्थानवर येईल या धास्तीने इंग्रज १८३९ मध्ये अफगाणिस्तानात घुसले. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघारी येताना त्यांची अख्खी फौज कापली गेली. दरारा संपला. आता भीती अशी की लाहोरची शीख फौज आणि ग्वाल्हेरची फौज एक झाली तर? इकडे गादीवर अल्पवयीन जयाजीराव, दरबारात कारभारावरून तंटा. पुन्हा घरचंच भांडण, आयतं सापडलेलं. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो फौज घेऊन आला. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी लढाई झाली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. फौज कमी करून नऊ हजारांवर आणली गेली. पकडलेल्या तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी ताऱ्याच्या आकाराची पदकं पाडली. काबूलचा राग ग्वाल्हेरवर निघाला, असं मी म्हणतो. माझे एक सहकारी याला अतिशयोक्ती म्हणायचे. त्यांचं म्हणणं, शिंद्यांची फौज तशीही इंग्रजांच्या डोळ्यांत खुपत होती. असेल. पण १८४२ न होता तर १८४३ च होता का, याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही.

महादजींनी परक्यांवर भिस्त ठेवली ही चूक नव्हती का?

मागून शहाणपण सोपं असतं. त्या घडीला तेच करण्यासारखं होतं, आणि शिपाई, गोलंदाज, कारखाने इथलेच होते. कच्चा दुवा होता वरचे शे-दोनशे अधिकारी. त्यांची घरं, पैसा, बढती सगळं दुसऱ्यांच्या हातात. शांततेच्या काळात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आपल्याकडची मिराज विमानं यात कुठे बसतात?

बरोबर मध्ये. बैठकीत कधी ती डोक्यावरून गेली की कपबशा वाजतात आणि बोलणं थांबवावं लागतं. विमानतळ भिंड रस्त्याकडे, अंतर असूनही आवाज घरात येतो.

ही विमानं इथे का आली त्याची साखळी अशी: डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेला पाकिस्तानची गरज पडली. १९८१ मध्ये तिने पाकिस्तानला ४० एफ-१६ द्यायचं ठरवलं. ती विमानं काबूलच्या नावाने आली तरी त्यांची तोंडं कुठे वळतील हे आपल्याला कळत होतं. म्हणून भारताने १९८२ मध्ये फ्रान्सशी मिराज-२००० चा करार केला आणि १९८५ मध्ये पहिली विमानं ग्वाल्हेरला उतरली. मॉस्कोने एक दार ढकललं, वॉशिंग्टनने दुसरं उघडलं, आणि कपबशा दौलतगंजात वाजल्या.

पुढचं ऐका. १५ फेब्रुवारी १९८९ ला सोव्हिएत फौज अफगाणिस्तानातून निघून गेली. गरज सरो, वैद्य मरो. १९९० मध्ये अमेरिकेला अचानक पाकिस्तानचा अणुकार्यक्रम दिसू लागला आणि तिने पुढच्या एफ-१६ रोखून धरल्या. तो कार्यक्रम दहा वर्षं चालूच होता. दिसला तो गरज संपल्यावर. आमच्याकडे काही जण यावर टाळ्या वाजवतात. मी म्हणतो, वाजवा, पण त्या जागी स्वतःला ठेवून बघा.

कारगिलमध्ये जून १९९९ ला याच मिराजनी टायगर हिलवर लेझरने नेम धरून बॉम्ब टाकले. आदल्या वर्षीच्या अणुचाचण्यांमुळे अमेरिकेचे निर्बंध होते, नेम धरायचं उपकरण इस्रायलकडून आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटला गेली तीही इथलीच. त्या पहाटे आवाज झाला होता. आम्ही कूस बदलून झोपलो, रात्रीचा सराव इथे नेहमीचा. सकाळी टीव्ही लावल्यावर कळलं.

१९७१ मध्ये तर महासत्तेमुळेच आपण जिंकलो, नाही का?

जिंकलो आपल्या फौजेमुळे, मुक्तिवाहिनीमुळे आणि नीट निवडलेल्या वेळेमुळे. पण पाठ राखली सोव्हिएत संघाने, हे कबूल करायला लाजू नये.

जुलै १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला जाऊन आले. अमेरिकेला चीनशी मैत्री करायची होती आणि पूल होता पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान. त्यामुळे पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीकडे वॉशिंग्टनने डोळेझाक केली. ९ ऑगस्टला भारताने मॉस्कोशी मैत्रीचा करार केला. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले ते सोव्हिएत संघाने तीनदा नकाराधिकार वापरून पाडले. निक्सननी एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

इथे एक गंमत आहे, आणि ती बोलून दाखवली की दोन-तीन चेहरे आंबट होतात. युक्रेनच्या ठरावावर २५ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने नकाराधिकार वापरला तेव्हा आमच्या ओसरीवर संताप झाला. गाझाच्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने पाडले तेव्हाही. १९७१ ला तोच नकाराधिकार आपल्या कामी आला, तेव्हा तो न्याय होता. आपला तो बाब्या.

मला ७१ चं कौतुक आहे ते एका वेगळ्या कारणाने. आधार घेतला, पण युद्ध तेरा दिवसांत उरकलं. पुरवणाऱ्याला मन बदलायला वेळच दिला नाही.

आणि १९६२?

तेव्हा वेळ आपल्यावर उलटली. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला, त्याच आठवड्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून समोरासमोर. मॉस्कोला चीनला दुखवायचं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीचे दिवस तिकडून आपल्याला थंडपणाच मिळाला. २१ नोव्हेंबरला चीनने आपणहून युद्धबंदी जाहीर केली.

शीतयुद्ध संपलं तेव्हा युद्धंही संपायला हवी होती. का नाही संपली?

काही संपली. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला, एल साल्वाडोर आणि मोझांबिकमध्ये १९९२ ला समेट झाले. बाहेरून येणारा पैसा आटला, की वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक टेबलाशी येऊन बसतात.

पण अंगोला बघा. सरकारच्या बाजूने सोव्हिएत संघ आणि क्यूबा, बंडखोर साविंबीच्या बाजूने अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका. क्यूबाचे सैनिक गेले, सोव्हिएत संघच उरला नाही, तरी युद्ध २००२ पर्यंत चाललं, साविंबी मारला जाईपर्यंत. कारण त्याला हिऱ्यांच्या खाणी सापडल्या होत्या आणि सरकारकडे तेल होतं. आग पेटवून देणारे निघून गेले, घरात सरपण भरपूर.

आणि रवांडा. १९९४ मध्ये तिथे महासत्तांची चुरस नव्हती. कुणाला रसच नव्हता. कत्तल सुरू झाल्यावर संयुक्त राष्ट्रांनी आपली तुकडी वाढवायच्या ऐवजी २७० माणसांपर्यंत खाली आणायचं ठरवलं, आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. त्यामुळे "महासत्ता आपसात भांडायच्या थांबल्या की सगळं ठीक" हे मला पटत नाही. त्यांची चढाओढ वाईट, आणि त्यांनी पाठ फिरवणंही वाईट.

अणुबॉम्बमुळे मोठी युद्धं टळली, हे खरं का?

अमेरिका आणि रशिया एकमेकांवर सरळ तुटून पडले नाहीत, यात बॉम्बचा हात आहे, असं मलाही वाटतं. पण वरचं दार बंद झालं की भांडण मागच्या दाराने बाहेर पडतं. कोरियात सोव्हिएत वैमानिक चिनी-कोरियन खुणा रंगवलेली मिग-१५ उडवत होते, अमेरिकेला ते कळत होतं, आणि दोघेही गप्प होते. उघड केलं असतं तर मोठं युद्ध करावं लागलं असतं. १९९८ मध्ये आपण आणि पाकिस्तानने चाचण्या केल्या, आणि पुढच्याच वर्षी कारगिल झालं.

संयुक्त राष्ट्रं काय करतात?

मोठ्यांचं एकमत असेल तेव्हा बरंच काही. १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत वीस नव्या शांतिमोहिमा निघाल्या. आधीच्या चाळीस वर्षांत मिळून तेवढ्या नव्हत्या. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २०१४ ला गेली त्यानंतर तशी मोठी नवी मोहीम निघालेली नाही. पाच जणांच्या हातात नकाराधिकार असलेली सभा याहून जास्त काय करणार?

आजची चुरस शीतयुद्धासारखीच आहे का?

थोडी. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात जगातल्या सशस्त्र संघर्षांची मोजणी ठेवतात. वर्षात लढाईत २५ माणसं मेली की संघर्ष, हजार मेली की युद्ध. ज्यात किमान एका बाजूला सरकार आहे असे संघर्ष २०२३ मध्ये ५९ होते आणि २०२४ मध्ये ६१. १९४६ पासूनचे सर्वांत जास्त. मोजणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण २५ चा आकडा वाचताना दर वेळी वाटतं, चोविसावर मोजणी थांबलेली गावंही असतीलच.

फरक मोठा आहे तो दुकानांचा. तेव्हा बंदुकीची मुख्य दुकानं दोन. आज मधल्या फळीतल्यांनीही शटर वर केलंय. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखमध्ये अझरबैजानने तुर्कस्तानचे ड्रोन वापरून आर्मेनियाचे रणगाडे उडवले. रशिया युक्रेनवर इराणी बनावटीचे शाहेद ड्रोन सोडतो, आणि २०२४ मध्ये रशियातल्या कुर्स्कला त्याच्या बाजूने उत्तर कोरियाचे सैनिक उतरले. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून दोन सेनापती देश फाडतायत. दोघांनाही बाहेरून रसद येते असे आरोप आहेत, आणि ज्यांच्यावर आहेत ते नाकारतात. पूर्वी दोन राजधान्यांत बोलणं झालं की नळ बंद करता यायचा. आता किती नळ आहेत हेच कळत नाही.

आपल्या शेजारचं चित्र मात्र बरंच शीतयुद्धासारखं आहे. २०२० ते २०२४ या काळात पाकिस्तानच्या शस्त्रखरेदीतली ८१ टक्के चीनकडून झाली. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान चार दिवस लढले तेव्हा त्यांची जे-१० सी विमानं चिनी, आपली राफेल फ्रेंच आणि विमानं पाडणारी एस-४०० क्षेपणास्त्रं रशियन. जगभरचे लष्करी अभ्यासक त्या चार दिवसांचा कीस पाडतायत. कुणाचा माल चालला, हा त्यांचा प्रश्न.

याची झळ आमच्या खिशाला बसते का?

बसते. २०२२ मध्ये सूर्यफुलाचं तेल कडाडलं. आमच्याकडे मोहरीचं चालतं म्हणून निवांत होतो, तर त्याचाही भाव तसाच. युक्रेनमध्ये डॉक्टर व्हायला गेलेली पोरं जीव मुठीत घेऊन परतली. माझा एक भाचा ग्वाल्हेर मिंट हा आपला फिकट हिरवट वालुकाश्म युरोपला पाठवतो, अंगणात घालायला. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनचे हुती तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करू लागले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आणि कंटेनरचं भाडं दगडापेक्षा जड झालं. त्याला येमेन नकाशावर दाखवता येत नव्हतं. आता एडनपासून होदेदापर्यंत बंदरं पाठ आहेत.

मग भारताने कुणाच्या बाजूला उभं राहायचं?

यावर आमच्याकडे दोन गट आहेत आणि दोन्हींत माझे नातेवाईक आहेत. मी इतकंच म्हणतो की आधी बाजू विचारू नका, सुटे भाग कुठून येतात ते विचारा. २०१० ते २०१४ मध्ये आपल्या शस्त्रआयातीतला रशियाचा वाटा ७२ टक्के होता, २०२० ते २०२४ मध्ये ३६. ही घसरण मला कुठल्याही भाषणापेक्षा बोलकी वाटते. एकाच वाण्याकडे उधारी नको, हे घर चालवणाऱ्या कुणालाही कळतं. चार वाण्यांकडे गेलं की चार प्रकारची वजनंमापं सांभाळावी लागतात, हेही कळतं. विमानदलाच्या गोदामात काम केलेले एक आप्पा आमच्याकडे येतात, ते या विषयावर तासभर बोलू शकतात. त्यांना सुरुवात करून देऊ नका.

मिराज म्हातारी झाली की पुढे काय? (विचारणारा शेजारचा मुलगा, वय तेरा)

पुढे तेजस, बंगळूरला बनणारं. पण त्याचं इंजिन अमेरिकेचं, जीई कंपनीचं एफ-४०४. २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांची मागणी नोंदवली, त्यांच्यासाठी ९९ इंजिनं मागवली. ती वेळेत आली नाहीत. पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती पडलं.

"मग इंजिन आपणच का नाही बनवत?" हा त्याचा लगेच पुढचा प्रश्न. बनवायला घेतलं होतं. कावेरी नावाचं, १९८९ मध्ये. हवी तेवढी ताकद येईना, म्हणून २००८ मध्ये तेजसपासून ते वेगळं केलं. अडचणीची एक जागा टर्बाइनचं पातं. भोवतीचा वायू इतका तापतो की पात्याचा धातू वितळावा, तरी ते न वितळता, न ताणता फिरत राहिलं पाहिजे. असं पातं ओतायची विद्या जगात मोजक्या देशांकडे आहे आणि ती कुणी विकत नाही.

त्याने विचारलं, पातं ओततात म्हणजे कसं, घंटेसारखं? मला सांगता आलं नाही. इतिहासवाल्याची हद्द तिथे संपते. धातूशास्त्र शिकवलेलं कुणी ओळखीत असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. मुलाने वहीत एक पान कोरं ठेवलंय.